बक्षीस गिऱ्हाइकाचं, पगार कुणाचा?

आज सुरुवात एका बशीपासून करतो. हॉटेलात जेवण झालं की बिल बडीशेपेच्या बशीत येतं. आपण नोट ठेवतो, वेटर उरलेली मोड घेऊन येतो आणि मग क्षणभर आपली चलबिचल होते. यातलं उचलायचं किती आणि ठेवायचं किती? आपल्याकडे या ठेवण्याला शब्दही पुष्कळ आहेत: बक्षीस, चहापाणी, दिवाळीची पोस्त. या सगळ्या शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पगार मालकाने दिलेलाच आहे, हे आपलं वरचं. आज मी ज्या देशाबद्दल बोलणार आहे तिथे हे 'वरचं' हळूहळू पगाराच्या जागी जाऊन बसलं. तो देश म्हणजे अमेरिका.

गंमत बघा, टिपची पद्धत अमेरिकेत सुरुवातीला अनेकांना मुळीच रुचली नव्हती. ही युरोपातल्या सरदार-जमीनदारांची रीत, असं लोक म्हणत. आपल्याकडे राजा नाही, उमराव नाही. मग एका नागरिकाने दुसऱ्यापुढे हात का पसरावा? हा राग इतका होता की 1909 साली वॉशिंग्टन राज्याने टिपवर कायद्यानेच बंदी घातली. पाठोपाठ मिसिसिपी, आर्कान्सा, आयोवा, साउथ कॅरोलिना आणि टेनेसी यांनीही तसेच कायदे केले. पण 1926 पर्यंत यातला एकही कायदा शिल्लक राहिला नाही. लोक टिप देत राहिले, कामगार घेत राहिले आणि बंदी अमलात आणणार कोण, हा प्रश्न तसाच राहिला. शिवाय ही पद्धत एका माणसाच्या चांगलीच सोयीची होती. तो माणूस म्हणजे मालक.

कशी सोयीची, ते पाहायचं तर पुलमन कंपनीकडे जावं लागेल. रात्रीच्या प्रवासासाठी झोपायच्या आलिशान डब्यांचा धंदा जॉर्ज पुलमन यांनी उभा केला. त्यांनी पोर्टर म्हणून कामाला घेतले ते कृष्णवर्णीय पुरुष, आणि सुरुवातीच्या काळात त्यातले बरेचसे नुकतेच गुलामीतून सुटलेले. बिछाने घालायचे, सामान उचलायचं, रात्री प्रवाशांचे बूट पॉलिश करायचे. पॉलिशचा खर्च पोर्टरच्याच खिशातून. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायची जुनी रीत होती ना, तिचीच ही शेपूट.

1915 साली औद्योगिक संबंधांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगासमोर या कंपनीचा कारभार आला. साक्षीला कोण आलं असेल? रॉबर्ट लिंकन. गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव, कंपनीचे माजी अध्यक्ष. तेव्हा पोर्टरचा पगार होता महिन्याला 27.50 डॉलर. त्यात घर चालत नसे. बाकीचं प्रवाशाने द्यायचं, आणि त्यासाठी पोर्टरने हसतमुख राहायचं. 'जॉर्ज' म्हटलं तरी हसायचं. टिपवर पोट असलं की अपमान गिळणं हासुद्धा नोकरीचाच भाग होतो.

1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी युनियन काढली. बारा वर्षं झुंज दिली. 1937 साली कंपनीला करार करावा लागला. महिन्याला साधारण 400 तास असलेलं काम 240 तासांवर आलं आणि पगार वाढला. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमचा पगार आम्हाला कंपनीकडून हवा, प्रवाशाच्या मर्जीवर नको.

आता कायद्याकडे येऊ. 1938 साली अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा लागू झाला. ताशी 25 सेंट. तेव्हा रेल्वे स्टेशनांवर लाल टोपीवाले हमाल असत. त्यातल्या अनेकांना रेल्वे एक छदामही देत नसे. सगळी गुजराण टिपवर. आता त्यांना किमान वेतन मिळणार, असं वाटलं. पण रेल्वे कंपन्यांनी शक्कल लढवली. तुम्हाला मिळालेल्या टिपचा रोज हिशेब द्या, 25 सेंटांना जे कमी पडेल तेवढंच आम्ही घालू. हमाल कोर्टात गेले. 1942 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल रेल्वेच्या बाजूने दिला. म्हणजे प्रवाशाने हमालाला दिलेलं नाणं मालकाच्या हिशेबात जमा झालं!

पुढे 1966 साली हॉटेलं आणि रेस्टॉरंटं या कायद्याखाली आली, पण सवलत घेऊनच. किमान वेतनाचा निम्मा भाग टिपमधून धरायची मालकांना मुभा मिळाली. 1991 साली किमान वेतन होतं 4.25 डॉलर, त्याचं निम्मं 2.13. मग 1996 साली हा आकडा मूळ वेतनापासून तोडून तिथेच गोठवला. किमान वेतन 2009 मध्ये 7.25 झालं, टिपवाल्यांचे 2.13 मात्र केंद्रीय कायद्यात जागचे हलले नाहीत. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा, असं कायदा सांगतो. पण ज्याच्या हातात तुमच्या पाळ्या आहेत, त्याच्याकडे हा फरक मागायचा कुणी? कॅलिफोर्नियासारख्या सात राज्यांनी मात्र ही सवलत ठेवलेली नाही. तिथे पूर्ण किमान वेतन मालक देतो, टिप वेगळी.

आपल्याकडे हाच प्रश्न वेगळ्या वाटेने कोर्टात आला. आयटीसीच्या हॉटेलातल्या कर्मचाऱ्यांना कार्डावरून मिळणाऱ्या टिपवर पगार समजून कर कापायचा का, असा वाद होता. 2016 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नाही. हा पैसा गिऱ्हाइकाकडून येतो, मालकाकडून नाही, म्हणून हा पगार नव्हे. प्रकरण कराचं होतं, किमान वेतनाचं नव्हे, हे मान्य. तरी दोन निकाल शेजारी ठेवून बघा. एका ठिकाणी बक्षीस पगारात मोजलं गेलं, दुसऱ्या ठिकाणी पगाराबाहेर राहिलं.

तेव्हा पुढच्या वेळी बशीत मोड ठेवाल, जरूर ठेवा. फक्त त्या वेटरला मालक पगार काय देतो, हेही कधीतरी विचारून बघा. पुलमनच्या पोर्टरांना हा प्रश्न स्वतःच विचारावा लागला, आणि त्यात बारा वर्षं गेली. इथेच थांबतो.