बंद दाराआड जाऊन विचारणारं कुणीतरी



घरातल्या माणसाला पोलीस घेऊन गेले, की आपण ठाण्याबाहेर बसून राहतो. आत काय चाललंय ते कळत नाही. आज त्या बंद दाराचीच गोष्ट सांगते.

१९८२ चा मे महिना. पत्रकार शीला बारसे रीतसर परवानगी घेऊन मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात गेल्या आणि १५ बायांशी बोलल्या. त्यातल्या ५ जणींनी सांगितलं, पोलीस कोठडीत आम्हाला मारलं. कोठडीत मार खाल्लेली बाई तिथे दाद मागणार कुणाकडे? मारणाऱ्याचाच तिथे पहारा!

शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून बायांची विचारपूस करवली.

१५ फेब्रुवारी १९८३ ला निकाल लागला. बायांची कोठडी वेगळी हवी, पहारा महिला शिपायांचा हवा. बाईची चौकशी महिला पोलिसांसमोरच व्हावी. अटकेची खबर नातेवाइकांना द्यावी. मुंबईत न्यायाधीशांनी, शक्यतो महिला न्यायाधीशांनी, न कळवता कोठड्या पाहाव्यात. अटक झालेल्याला समोर आणलं, की दंडाधिकाऱ्यांनी विचारावं, ‘कोठडीत काही छळ झाला का?’ डॉक्टरी तपासणीचा हक्कही सांगावा.

पण दर वेळी पत्र लिहिणारं कुणी भेटेलच असं नाही. त्यासाठी कायमची व्यवस्था हवी. १९९३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. त्याच डिसेंबरात आयोगाने सांगितलं, कोठडीत मृत्यू किंवा बलात्कार झाला तर २४ तासांत आम्हाला कळवा. २००१ मध्ये महाराष्ट्राचाही आयोग कामाला लागला. आयोगाला तुरुंगात जाऊन पाहता येतं, चौकशी करता येते. शिक्षा मात्र देता येत नाही. कारवाईची आणि भरपाईची शिफारस करता येते. त्यामुळे कोठडीतला मार अजून संपलेला नाही.

म्हणून आपणही जागं राहायचं. गटातल्या कुणाला ठाण्यात नेलं, तर दोघी-तिघींनी सोबत जा. तारीख, वेळ लिहून ठेवा. ती परतली, की एकांतात विचारा. तिच्या वतीने दुसरं कुणीही आयोगाकडे तक्रार करू शकतं. मराठीत लिहिली तरी चालते, पैसे लागत नाहीत. फक्त घटनेला एक वर्ष व्हायच्या आत पाठवा.