मातृभाषा, नातीगोती आणि अबोध मन

१ नोव्हेंबर १९५६ रोजी, चंदगड तालुका वगळता, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तो दिवस सीमाभाग काळा दिन म्हणून पाळतो. सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५० अ हादेखील त्याच दिवशी अमलात आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे तो सांगतो. मातृभाषाच का, याचे कारण मात्र अनुच्छेदात नाही. त्याचे एक उत्तर आम्हांस मनोविश्लेषणाच्या इतिहासात सापडते.

व्हिएन्नातील डॉक्टर योसेफ ब्रॉयर १८८० ते १८८२ या काळात एका तरुणीवर उपचार करीत होते. आजारी वडिलांची शुश्रूषा करताना ती स्वतः आजारी पडली आणि दीर्घकाळ तिची मातृभाषा जर्मन हरपली. ती इंग्रजीतच बोलू लागली. ब्रॉयर व फ्रॉइड यांनी १८९५ साली तिची हकिकत 'ॲना ओ.' या नावाने प्रसिद्ध केली. नात्यावर आघात झाला आणि भाषा गेली, असा तिचा अर्थ आम्ही घेतो. पुढे फ्रेंच मनोविश्लेषक जाक लाकाँ यांनी अबोध मनाची रचनाच भाषेसारखी असते, असे प्रतिपादन केले. मूल बोलू लागण्यापूर्वीच त्याचे नाव आणि नाते भाषेत ठरलेले असते.

बेळगाव-निपाणीच्या कितीतरी मराठी घरांत थोरली बहीण अक्का आणि थोरला भाऊ अण्णा असतो. शेजारच्या कानडी घरांतही हेच शब्द आहेत. आमच्या मुलांच्या मनात मराठी नाती रुजतात, तेव्हा कानडीचा अंशही त्यांत असतो. म्हणून आमची मागणी कानडीच्या द्वेषावर उभी राहू शकत नाही. तो द्वेष आपल्याच मनाचा एक थर दडपणे ठरेल.

महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी महाराष्ट्राला द्यावी व बेळगाव शहर म्हैसूरमध्येच ठेवावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने ती नाकारली आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या दाव्यात गावे, नकाशे आणि टक्केवारी बोलतील. पहिलीतल्या मुलाला घरची भाषा शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवावी लागते, हे नुकसान टक्केवारीत मावत नाही.

निकाल लागेपर्यंत मराठी शाळा टिकविणे आपल्या हाती आहे. अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. शाळेसाठीचा अर्ज पालकांनी मराठीतच द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.