अकराव्या माणसाचा पत्ता

खेळाडूंच्या पत्त्यांच्या कुळाचा मूळपुरुष म्हणजे पुठ्ठ्याचा एक कोरा तुकडा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटात मिळत. पाकीट खिशात दबलं की सिगारेटी मोडत, म्हणून आत एक ताठ पुठ्ठा सरकवून ठेवत. नाहीतरी घालायचाच आहे तर त्यावर काही छापू या, असं कुणा हिशेबी माणसाच्या डोक्यात आलं आणि नट्या, पक्षी, झेंडे, राजे नि खेळाडू पाकिटात शिरले. रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८७ साली जगातल्या विजेत्यांची ५० चित्रांची मालिका काढली. बेसबॉलवाल्यांशेजारी त्यात पैलवान होते, वल्हेकरी होते, नेमबाजही होते. ४९ जमले की पन्नासाव्यासाठी माणूस गरज नसताना आणखी एक पाकीट घेतो, हे तंबाखूवाल्यांनी तेव्हाच ओळखलं. आणि तो पन्नासावा नेहमी नामांकितच असतो असं थोडंच आहे!

फुटबॉलचे पत्ते आले ते इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डहून. तिथल्या जॉन बेन्स नावाच्या खेळणीवाल्याने १८८०च्या दशकात ढालीच्या, पानाच्या आकाराची रंगीत कार्डं पाकिटं करून पोरांना विकायला सुरुवात केली. आज संग्राहक या कार्डांवर जीव टाकतात तो त्यावरच्या मोठ्या क्लबांसाठी नव्हे. बेन्सने गल्लीबोळातले, गिरणीगावांतले, पुढे नामशेष झालेले शेकडो क्लब छापले. काही क्लबांची आठवण आता त्या कार्डापुरतीच उरली असेल. म्हणजे कमी नावाच्या खेळाडूंची कार्डं जमवणं हा आजच्या हौशी लोकांनी काढलेला फाटा नाही. खोड तिथूनच फुटलंय.

आपल्या वऱ्हाडाचा या कुळाशी पहिला संबंध येता येता राहिला, तो १९३६ साली. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतरावांनी, उभं केलं. बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि तिथे मल्लखांब, लेझीम, कबड्डी अशा देशी व्यायाम-खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. त्याच सुमारास आज हॅम्बुर्गमध्ये असलेल्या अल्टोना-बारेनफेल्ड भागातली एक सिगारेट-चित्रसंस्था ‘ऑलिंपिया १९३६’ नावाचे दोन अल्बम काढत होती: एक हिवाळी स्पर्धांचा, दुसरा बर्लिनचा. पाकिटातली कुपनं साठवायची, बदल्यात फोटो घ्यायचे आणि अल्बमात डकवायचे. जर्मन घराघरांतून हे चाललं होतं आणि त्याच बर्लिनमध्ये अमरावतीची पोरं मल्लखांबावर चढत होती. प्रात्यक्षिकाला पदकतक्त्यात रकाना नसतो. मला या पथकाची एक पत्त्यांची मालिका हवी होती, इतकंच म्हणतो.

महायुद्धात कागदाची टंचाई झाली तशी ब्रिटनमधली सिगारेट कार्डं १९४० साली बंद पडली. मग गादीवर आला च्युइंगम. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने १९५२ साली बेसबॉलपटूंची ४०७ कार्डांची मालिका काढली. शेवटच्या टप्प्यातली कार्डं मोसम संपता संपता बाजारात आली आणि विकलीच गेली नाहीत. ती मालिका आखणारे साय बर्गर यांनी १९६० साली उरलेल्या पेट्या होडीत भरून समुद्रात लोटल्या. त्याच टप्प्यातलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र तिच्या शेजारची, अँडी पाफ्कोची, गोष्ट जास्त आवडते. पाफ्को चांगला खेळाडू होता, पण मँटलच्या पंगतीतला नव्हे. त्याचा क्रमांक होता एक. पोरं कार्डं क्रमाने लावून वर रबरबँड चढवत, त्यामुळे सगळ्यात वरचा पाफ्को घासून, चेपून, कडा मोडून जाई. परिणामी न चेपलेला पाफ्को दुर्मीळ झाला. तसा एक १९९८ साली ८० हजार डॉलरच्या वर विकला गेला. किंमत त्याच्या फलंदाजीने नव्हे, रबरबँडने ठरवली!

इटलीत मोडेना गावच्या पानिनी भावांनी १९६१ पासून फुटबॉलचे अल्बम काढले आणि १९७०च्या मेक्सिको विश्वचषकापासून ते जगभर गेले. अल्बममध्ये पेलेला जेवढी चौकट, तेवढीच एल साल्वादोरच्या बचावपटूलाही. चौकट रिकामी दिसली की डोळ्यांत खुपते, मग ती कुणाची का असेना.

आपल्याकडे हे लोण आलं क्रिकेटच्या अंगाने. १९८०-९०च्या दशकांत ‘बिग फन’ बबलगम अकोल्या-अमरावतीच्या शाळांसमोरच्या टपऱ्यांवरही पोहोचला. गमसोबत क्रिकेटचं कार्ड, वेष्टनावर धावा नि बळी. ठरावीक बेरीज जमली की बदल्यात छोटी पुस्तिका, जिची पानं भरभर सोडली की फलंदाज फटका मारताना दिसे. गम चावून कुणाचं पोट भरत नसे. मधल्या सुट्टीत ‘तुयापाशी डबल हाय का बे?’ एवढ्या एका प्रश्नावर बाजार चाले. कपिल किंवा इम्रान कुणी सहजी सोडत नसे. फिरत राहायचे ते बाकीचे, आणि फिरता फिरता त्यांचीच नावं, संघ, सरासरी पोरांना तोंडपाठ होत. मोठ्या खेळाडूची माहिती वर्तमानपत्र देतच होतं. अकराव्या माणसाची शिकवणी या डबल पत्त्यांनी घेतली.

कार्डावर सही येणं हा कुळातला उशिराचा सोयरसंबंध. सही जमवणं वेगळं घराणं, त्याची मालमत्ता म्हणजे स्वाक्षरीची वही. सहीला रोख भाव लावण्याचं काम आपल्याकडे एका अनपेक्षित माणसाने केलं. महात्मा गांधी हरिजन निधीसाठी एका सहीचे पाच रुपये घेत. नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून निघालेल्या हरिजन यात्रेचा पहिला टप्पा मध्यप्रांत-वऱ्हाडचाच होता. आजचे कार्ड-व्यापारी सहीला दर लावतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं; फरक पैसे कुठे जातात याचा आहे.

कंपनीने स्वतः खेळाडूकडून सही घेऊन ते कार्ड पाकिटात लपवण्याची युक्ती १९९० साली अप्पर डेक या अमेरिकन कंपनीने रूढ केली. बेसबॉलपटू रेगी जॅक्सनने क्रमांक घातलेल्या २,५०० कार्डांवर सह्या केल्या आणि त्या लाखो पाकिटांत विखुरल्या. पुढे यातही काटकसर आली. खेळाडूच्या घरी पारदर्शक चिकटपट्ट्यांचे ताव पाठवायचे, त्याने त्यावर सह्या करायच्या, कारखान्यात त्या कार्डावर डकवायच्या. जाणकार अशा सहीला दुय्यम मानतात, आणि मला ते बरोबर वाटतं. खेळाडूने ते कार्ड हातातही धरलेलं नसतं. खोट्या सह्यांचा धंदा इतका वाढला की अमेरिकेत एफबीआयला ‘ऑपरेशन बुलपेन’ काढावं लागलं.

कमी नावाच्या फुटबॉलपटूच्या सहीचं खरं माहेर जर्मनी. तिथे पहिल्याच नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे क्लबही खेळाडूंची सहीसाठी जागा सोडलेली कार्डं छापतात. चाहत्याने पत्र लिहायचं, आपला पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवायचं, आणि वाट पाहायची. बड्या खेळाडूकडून छापील सही येते. तिसऱ्या श्रेणीचा गोलरक्षक मात्र बसून शाईने सही करतो, कधी दोन ओळीही लिहितो. गुळगुळीत कार्डावर शाई टिकत नाही, म्हणून मुरलेले लोक कार्ड आधी खोडरबराने किंवा पावडरीने हलकेच पुसून पाठवतात.

वऱ्हाडाला हे सगळं जवळचं वाटायला हवं, कारण आमचे खेळाडू फार काळ अकरावे होते. विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेत १९५७-५८ साली आला. पहिला करंडक २०१७-१८ मध्ये, इंदूरला दिल्लीला हरवून. त्या अंतिम सामन्यात अकोल्याचा आदित्य ठाकरे हा वेगवान गोलंदाज प्रथमश्रेणीतलं पदार्पण करत होता आणि काही दिवसांत एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या संघात बोलावला गेला. अमरावतीच्या जितेश शर्माला २०१६ साली मुंबई इंडियन्सने घेतलं, पण आयपीएलचा पहिला सामना त्याला २०२२ साली पंजाबकडून मिळाला. २७ मे २०२५ रोजी त्याने बंगळूरूसाठी लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या. तेव्हापासून त्याची सही मागणाऱ्यांची रांग लांबली असणार. ज्याच्याकडे २०१६ ते २०२२ मधली सही आहे, त्याने ती जपून ठेवावी.

आयपीएलच्या चाहत्यांसाठी टॉप्सने क्रिकेटचे पत्ते भारतात विकले, पण रणजीच्या संघाचे पत्ते काही किराणा दुकानात लटकलेले दिसत नाहीत. म्हणून आमच्याकडचा हौशी माणूस फोटो स्टुडिओत चार बाय सहाची प्रत काढतो, मागे खेळाडूचे आकडे लिहितो आणि सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला उभा राहतो. अकोला क्रिकेट क्लबच्या दर्शन नळकांडेने २०२१ साली सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाचे चार गडी लागोपाठ चार चेंडूंवर घेतले. अशा खेळाडूच्या पत्त्याची मागची बाजू हातानेच लिहावी लागते.