फटफटीचा जीर्णोद्धार

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, ताम्रपट, नाणीं आणि जुन्या दप्तरांतील रुमाल उभे राहतात. लोखंड, रबर आणि पेट्रोल यांनाहि इतिहास असतो, हें सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. हल्लीं मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून जुन्या वाहनांचीं प्रदर्शनें भरतात. त्यांत मोठ्या मोटारींच्या शेजारीं जुन्या मोटारसायकलीहि मांडलेल्या असतात. आपले वाडवडील जिला फटफटी म्हणत, तीच ही. मुलें तिच्याभोंवतीं गर्दी करतात, वडीलधारी मंडळी आठवणी काढतात, आणि जिला सर्वांत अधिक चकाकी तिची सर्वांत अधिक वाहवा होते. आज मला या चकाकीविषयींच बोलावयाचें आहे. कारण जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं पुष्कळदां इतिहासच पुसला जातो.

या वाहनाचा जन्म १८८५ सालचा. जर्मनींत कानस्टाट येथें गॉटलीब डायम्लर व त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख यांनीं लांकडी सांगाड्यावर पेट्रोलचें इंजिन बसविलें. पुढें १८९४ मध्यें म्युनिक येथें हिल्डेब्रांड व वोल्फम्युलर यांनीं विक्रीसाठीं अशा गाड्या तयार करण्यास प्रारंभ केला. त्या काळच्या स्वाराचें जिणें सुखाचें नव्हतें. पुष्कळ गाड्यांना क्लच नसे. गाडी ढकलीत धांवावयाचें आणि इंजिन सुरू होतांच उडी मारून बसावयाचें. चाक फिरविणारा पट्टा चामड्याचा असे व तो पावसांत निसटे. इंजिनाला तेल पाजावयाचें तें हातपंपानें, दर कांहीं मैलांनीं. दिवा कार्बाईडचा. अशीं यंत्रें नामशेष होऊं नयेत म्हणून इंग्लंडांत १९३० सालापासून ब्रायटनपर्यंतची एक वार्षिक फेरी सुरू झाली. १९१५ पूर्वीं बनलेल्या गाड्यांनाच तींत प्रवेश असतो. १९४६ सालीं तेथील हौशी लोकांनीं जुन्या मोटारसायकलींसाठीं एक स्वतंत्र मंडळ स्थापिलें. भंगाराच्या भावानें जाणाऱ्या गाड्या लोक जपूं लागले, त्या चळवळीची ही सुरुवात होय.

आतां जीर्णोद्धारानें काय साधतें व काय बिघडतें, तें एका उदाहरणानें पाहूं. दुसऱ्या महायुद्धांत बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्यानें ‘एम. २०’ या जातीच्या सव्वा लाखाहून अधिक गाड्या ब्रिटिश सैन्यासाठीं तयार केल्या. ४९६ सी. सी. चें, फार वेगवान नसलेलें, पण दणकट इंजिन. अंगावर खाकी रंग. पुढच्या दिव्यावर विमानहल्ल्याच्या भीतीनें घातलेली झांपड. आतां पाहा, डिसेंबर १९४१ मध्यें जपाननें मलायावर स्वारी केली व फेब्रुवारी १९४२ मध्यें सिंगापूर पडलें. हिंदी पलटणींचे हजारों शिपाई तेथें कैद झाले. मलायांतील रबराचे मळे शत्रूच्या हातीं गेले आणि इंग्लंडांत रबराचा दुष्काळ पडला. त्याची नोंद कोठें उमटली म्हणाल, तर या गाडीच्या मुठीवर! हँडलवरील रबरी मूठ जाऊन तेथें कॅनव्हास आलें. पाय ठेवण्याच्या दांड्यांवरील रबर गेलें व नुसतें लोखंड राहिलें.

अशी एखादी गाडी कोणा हौशी गृहस्थाच्या हातीं लागते. तो ती सोलून काढतो, तिच्यावर चकचकीत रंग चढवितो, मडगार्डाला क्रोमियमचा मुलामा देतो, कॅनव्हास फेंकून नव्या रबरी मुठी बसवितो. प्रदर्शनांत तिला बक्षीस मिळतें. परंतु सिंगापूरच्या पाडावाची जी साक्ष त्या मुठींत होती, ती कचऱ्याच्या पेटींत गेलेली असते. शेंकडों वर्षांच्या कोरीव दगडी देवळाला भक्तिभावानें ऑइलपेंट फांसणारे भाविक आपण पाहतों. त्यांची भक्ति खोटी नसते. पण रंगाखालीं शिल्पकाराची छिन्नी नाहींशी होते. तसेंच हें आहे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुने कागद मिळविले व १८९८ सालापासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ प्रसिद्ध केलीं. बखर वाचावयास गोड, परंतु ती मागाहून रचलेली. त्या काळीं लिहिलेलें पत्र रूक्ष असेल, फाटकें असेल, तरी पुरावा म्हणून त्याचें मोल अधिक, ही दृष्टि त्यांच्या पिढीनें आपणांस दिली. फटफटीलाहि हाच न्याय लागू आहे. नवा मुलामा ही बखर; कारखान्यानें ठोकलेला इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक हें अस्सल पत्र. इंग्लंडांतील कित्येक कारखाने बुडाले, तरी त्यांच्या रवानगीच्या वह्या शिल्लक राहिल्या आहेत. त्यांवरून अमुक क्रमांकाची गाडी कोणत्या दिवशीं कोणाकडे धाडली, हें आजहि समजूं शकतें. जाणत्या माणसाला गाडीचें अंगहि वाचतां येतें. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत धातूला निकेलचा मुलामा देत. क्रोमियम रूढ झालें तें त्यानंतर. म्हणून १९२० सालच्या गाडीवर क्रोमियमचा लखलखाट दिसला, कीं शिवकालीन म्हणून दाखविलेल्या पत्रांत पोस्टाचें तिकीट आढळल्यासारखें वाटतें.

आपल्या देशांतील गाड्यांची कथाहि कमी बोधक नाहीं. रॉयल एनफील्ड मूळची इंग्लंडांतील रेडिचची. १९५५ सालीं मद्रासजवळ तिची बुलेट जुळविण्यास प्रारंभ झाला व हळूहळू तिचे सर्व भाग येथेंच होऊं लागले. पुढें १९७० च्या सुमारास मूळ इंग्रज कंपनी बंद पडली, पण मद्रासची चालूच राहिली, आणि १९७७ पासून तिच्या गाड्या उलट इंग्लंडला जाऊं लागल्या. चेकोस्लोव्हाकियाची जावा १९६१ पासून म्हैसूरला बनूं लागली. तिचीच पुढें येझदी झाली. तिची किक आणि गिअर यांना एकच दांडा असे, ही युक्ति पाहून आजचीं मुलें थक्क होतात. पोलंडच्या नमुन्यावरून निघालेल्या राजदूतनें दूधवाल्यांचीं व खेड्यांतील डॉक्टरांचीं ओझीं वाहिलीं. या गाड्या राजेरजवाड्यांच्या नव्हत्या. कारकून, शिक्षक, शेतकरी, फौजदार यांच्या होत्या. दुधाच्या किटल्यांनीं झिजलेला सांगाडा हा सामान्य माणसाच्या संसाराचा कागद आहे. तो गुळगुळीत केला, तर त्या संसाराची दुसरी नोंद कोठें सांपडणार?

कोणी विचारील, मग गंज म्हणजेच इतिहास काय? मुळींच नाहीं. गंज वाळवीप्रमाणें वस्तु खातो. त्याला थांबविलेंच पाहिजे. ब्रेक, टायर, विजेच्या तारा हे भाग नवे असावेत, कारण तेथें जिवाचा प्रश्न आहे. इंजिन दुरुस्त करून गाडी चालती ठेवावी. जें यंत्र चालत नाहीं त्याचा आवाज, वास, धक्का हें सारेंच मुकें होतें. परंतु दुरुस्त करणें वेगळें आणि ती कधींच नव्हती इतकी नवी करणें वेगळें. पुरातन वास्तूंच्या जतनासाठीं १९६४ सालीं व्हेनिस येथें एक सनद झाली. तिच्याच आधारें पुढें जुन्या वाहनांसाठीं ट्यूरिनची सनद तयार झाली. जें टिकलें आहे तें आधीं राखा, आणि जें बदलाल त्याची नोंद ठेवा, हें तिचें सार. आपल्या सरकारनेंहि जुलै २०२१ मध्यें नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राहिलेल्या वाहनांना, दुचाकींनासुद्धां, त्यांअन्वयें ‘व्ही. ए.’ अक्षरांची निराळी नोंदणी मिळूं शकते. सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झाला असल्यास ती मिळत नाहीं.

तेव्हां ज्यांच्या जिन्याखालीं आजोबांची बुलेट वा येझदी धूळ खात असेल, त्यांना माझें सांगणें एवढेंच आहे. हात लावण्यापूर्वीं तिचीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्या. नोंदणीचें पुस्तक, पावत्या, दुरुस्तीचीं बिलें रद्दींत घालूं नका. मूळ रंग थोडा जरी उरला असेल, तरी तेवढा राखा. काढलेला भाग डब्यांत ठेवून त्याला चिठ्ठी बांधा. क्रमांकावर कानस किंवा ठोका कदापि चालवूं देऊं नका. आणि प्रदर्शनें भरविणाऱ्यांना विनंति अशी कीं, प्रत्येक गाडीजवळ एक पाटी असावी: यांतील मूळचें काय, नवें काय, आणि ही गाडी कोणी, कशासाठीं वापरली. बक्षीस देतांना परीक्षकांनीं ती पाटी आधीं वाचावी, आणि चकाकीकडे मागाहून पाहावें.