पतितांस क्षमा कोणीं करावी?

धर्मसंस्थापक क्षमेचा उपदेश करितात. तिचे नियम मात्र मागून येणाऱ्या अनुयायांस करावे लागतात. अपराध्यास सात वेळांच नव्हे, तर सातांच्या सत्तरपट क्षमा करावी, हें येशू ख्रिस्तानें पेत्रास सांगितलेलें वचन सर्वश्रुत आहे. परंतु एका व्यक्तीनें दुसरीस क्षमा करणें निराळें, आणि सबंध समाजानें आपणांस सोडून गेलेल्यांस परत घेणें निराळें. या दुसऱ्या गोष्टीचा कस लावणारा इ. स. च्या तिसऱ्या शतकांतील एक प्रसंग वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. २५० च्या सुमारास रोमन बादशहा डेसिअस याचें फर्मान निघालें कीं, साम्राज्यांतील प्रजाजनांनीं देवतांस बळि अर्पण करून प्रसाद चाखावा व तसें केल्याचा दाखला सरकारी पंचांपासून घ्यावा. असे कित्येक दाखले ईजिप्तमध्यें सांपडले असून, त्यांची भाषा कचेरींतील अर्जासारखी साचेबंद आहे. कांहीं ख्रिस्ती तुरुंगांत गेले, कांहीं प्राणांस मुकले; पण आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कार्थेज शहरीं बहुतेक लोक भयानें वांकले. कोणीं प्रत्यक्ष बळि दिला. कोणीं पैसे चारून नुसता दाखला मिळविला. वादळ ओसरूं लागतांच हेच लोक मंडळीच्या दारीं परत आले. लॅटिन भाषेंत त्यांस जें नांव पडलें, त्याचा अर्थ ‘पडलेले’ असाच आहे. आमच्या ‘पतित’ शब्दाशीं तें तंतोतंत जुळतें.

यांस क्षमा कोणीं करावी? ज्यांनीं तुरुंगांत हाल सोसले होते, त्यांस वाटलें कीं हा अधिकार आपला. त्यांनीं पतितांस शिफारसपत्रें दिलीं, व कांहीं पत्रांत तर ‘अमक्यास त्याच्या माणसांसह घ्यावें’ असा मोघम मजकूर होता. त्याची ‘माणसें’ किती, हें कोणीं मोजावें? रोम येथें नोव्हेशिअन नांवाच्या विद्वान् धर्माधिकाऱ्यानें नेमकें उलट मत धरिलें. देव वाटल्यास क्षमा करील, पण धर्मत्याग करणारास परत घेण्याचा अधिकार मंडळीस नाहीं, असें त्याचें म्हणणें. इ. स. २५१ मध्यें त्यानें निराळा पंथच काढला. त्याचे अनुयायी पुढें स्वतःस ‘शुद्ध’ म्हणवूं लागले.

या दोहोंच्या मध्यें कार्थेजचा बिशप सिप्रिअन उभा होता. त्याची स्थिति मोठी अवघड होती. कारण छळाच्या काळीं तो स्वतः शहराबाहेर लपून राहिला होता व पत्रांवाटे मंडळीचा कारभार पाहत होता. टीकाकारांनीं हें त्यास ऐकविल्यावांचून सोडलें नाहीं. तथापि २५१ च्या धर्मसभेंत त्यानें व इतर बिशपांनीं निर्णय दिला: दाखला मात्र घेतलेल्यांची एकेकाची चौकशी करून त्यांस परत घ्यावें, बळि देणारांनीं आमरण प्रायश्चित्त करावें व मरतेवेळीं त्यांस क्षमा मिळावी. परंतु एकदोन वर्षांतच नव्या छळाचीं चिन्हें दिसूं लागलीं, तेव्हां प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांस एकदम परत घेण्यांत आलें. ज्यास उद्यां रक्त सांडावयास सांगावयाचें, त्यास आज प्रभुभोजनावांचून निःशस्त्र कसें पाठवावें, हा त्यामागील विचार. आरंभीं जी क्षमा तपश्चर्येचें फळ म्हणून राखून ठेविली होती, तीच आतां प्रवासाची शिदोरी म्हणून द्यावी लागली! आमच्या मतें या सर्व वादाचें मर्म या पालटांत आहे. सिप्रिअननें नियम मोडले नाहींत. नियम कशासाठीं आहेत, हें त्यास उमगलें. १४ सप्टेंबर २५८ रोजीं, व्हॅलेरिअन बादशहाच्या काळीं, त्याचा शिरच्छेद झाला. त्या वेळीं वध करणाऱ्यास पंचवीस सुवर्णनाणीं देण्यास त्यानें आपल्या लोकांस सांगितलें.

हा प्रश्न पुढेंही धुमसत राहिला. ३२५ मध्यें नायसियाच्या धर्मसभेनें, जबरदस्तीवांचून धर्म सोडणारांसही बारा वर्षांचें प्रायश्चित्त सांगून परतीचा मार्ग मोकळा ठेविला. त्या सभेच्या वेळीं नोव्हेशिअनच्या पंथाच्या एका बिशपानें आपलें कडक मत मांडलें असतां, ‘मग शिडी लावा आणि एकटेच स्वर्गांत चढा’ अशा अर्थाचें उत्तर कॉन्स्टंटाइन बादशहानें दिलें, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तींत एक तथ्य आहे. निष्कलंक माणसांचाच समाज करूं म्हणणारास सोबती फार थोडे मिळतात. आणि दार सताड उघडें टाकणाराच्या घरास घरपण उरत नाहीं. बारा वर्षें लागोत कीं बारा दिवस, पायऱ्या चढून येणाऱ्यास वर दार उघडें सांपडलें पाहिजे.