आवाज नंतर आला

आयबीएमनं आपला पहिला पर्सनल कम्प्युटर १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. त्याच्या खोक्यात सव्वादोन इंचांचा एक स्पीकर होता. त्यावर साधी धून वाजवता येत असे, पण त्याचं मुख्य काम वेगळं होतं. यंत्र चालू केलं की ते आधी स्वतःची तपासणी करी. सगळं ठीक असेल तर एकदा ‘टुक’ वाजे, नसेल तर वेगळ्या ठेक्यात. स्क्रीनवर काही उमटलं नाही तरी यंत्राला आपलं दुखणं सांगता यावं, एवढ्यापुरता तो आवाज होता.

हा स्पीकर चालवायला स्वतंत्र चिपसुद्धा नव्हती. इंटेलच्या ८२५३ या टायमरमध्ये तीन मोजणीयंत्रं असतात. एक घड्याळ सांभाळायचं, दुसरं मेमरी ताजी ठेवायचं आणि उरलेलं तिसरं स्पीकरला दिलेलं. चालू आणि बंद, या दोनच अवस्था. माणसाचा आवाज, तबला, पाऊस हे त्यातून काढायचं तर प्रोग्रॅमरला कसरत करावी लागे.

इंजिनिअरिंगला मायक्रोप्रोसेसरच्या विषयात आम्हांला ८२५३, ८२५९ आणि ८२३७ अशा तीन चिप शिकवल्या. आकृत्या पाठ करायच्या, व्हायव्हात सांगायच्या आणि विसरायच्या. या चिप आता सुट्या मिळतात तरी का, असं आम्ही एकमेकांना विचारायचो. नव्वदच्या दशकात घरी कम्प्युटर असलेल्या माणसाला मात्र या तिन्हींशी झगडल्याशिवाय गाणं ऐकता येत नसे, हे मला फार नंतर कळलं.

कम्प्युटर ऑफिससाठी बनला होता आणि ऑफिसला संगीत नको होतं. त्यामुळे आवाज बाहेरून आला, वेगळ्या कार्डावर. १९८७मध्ये कॅनडातल्या क्वेबेक शहरातून ‘अ‍ॅडलिब’ कार्ड आलं. ते काढणारे मार्टिन प्रेव्हेल संगीताचे प्राध्यापक होते. कार्डावर यामाहाची चिप होती आणि ती एका वेळी नऊ सूर काढू शके. १९८९मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं ‘साउंड ब्लास्टर’ आणलं. कंपनीचे संस्थापक सिम वाँग हू. या कार्डावर यामाहाची तीच चिप होती, शिवाय रेकॉर्ड केलेला खरा आवाजही ते वाजवू शके आणि वर जॉयस्टिकसाठी जोडणी. लोकांना हेच हवं होतं. पुढची काही वर्षं ‘साउंड ब्लास्टरशी सुसंगत’ असणं हीच साउंड कार्डची ओळख झाली.

पण ज्या यंत्राच्या आराखड्यात आवाजाला जागाच नव्हती, त्यात हा पाहुणा राहणार कुठे? त्याला तीन गोष्टी लागत. पहिली म्हणजे पत्ता, जिथे प्रोसेसर त्याच्याशी बोलेल. दुसरी, ‘माझं झालं, पुढचं द्या’ हे सांगण्यासाठी प्रोसेसरचं दार वाजवायची एक तार, म्हणजे इंटरप्ट. हे काम ८२५९चं. तिसरी, प्रोसेसरला न छळता मेमरीतून आवाज उचलायची वाट, म्हणजे डीएमए. हे काम ८२३७चं. पहिल्या पीसीत दार वाजवायच्या तारा आठच होत्या आणि बहुतेकींवर आधीच कोणीतरी बसलेलं. सातवी प्रिंटरसाठी राखलेली होती. सुरुवातीची साउंड ब्लास्टर नेमकी सातवर लावून येत.

मग भांडणं सुरू. गेममध्ये एखादा शब्द अडकायचा आणि त्याचाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहायचा, किंवा मशीन गोठायचं. उपाय एकच, खोकं उघडायचं आणि कार्डावरचा जंपर हलवायचा. जंपर म्हणजे दोन पिना जोडणारी, ज्वारीच्या दाण्याएवढी टोपी. त्यानंतर सुरुवातीच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची: ए२२०, आय५, डी१. पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १. आम्ही व्हायव्हासाठी घोकलेल्या चिपा या एका ओळीत नांदत होत्या.

१९९३मध्ये ‘प्लग अँड प्ले’चा मसुदा आला आणि १९९५मध्ये विंडोज ९५ आलं. हे आकडे यंत्रानं आपसांत ठरवावेत, अशी योजना होती. ते नेहमी जमत नसे, म्हणून लोक त्याला ‘प्लग अँड प्रे’ म्हणत. पुढे मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या ‘पीसी ९९’ या मार्गदर्शिकेनं मागच्या भोकांना रंग दिले. स्पीकरला पोपटी, माइकला गुलाबी, बाहेरून येणाऱ्या आवाजाला निळा. तुमच्या घरच्या जुन्या डेस्कटॉपमागे आजही हेच रंग दिसतील.

तोवर आवाज कार्डावरून मदरबोर्डवर उतरला होता. इंटेलनं आणलेल्या ‘एसी ९७’ पद्धतीत हिशेबाचं काम मुख्य चिपसेटकडे गेलं आणि आकड्यांचा आवाज करणारी एक छोटी, स्वस्त चिप बोर्डाच्या कडेला बसली. साउंड कार्ड ही विकत घ्यायची वस्तूच उरली नाही. आवाज फुकट झाला, आणि फुकट गोष्टीकडे होतं तसं त्याच्याकडेही दुर्लक्ष झालं.

असंच एक ‘एसी ९७’ मशीन आमच्या सोसायटीतल्या एका काकांकडे आहे. बँकेतून निवृत्त झालेले काका. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली आहे. विंडोज एक्सपी आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, यांवर ते रोज दोन तास लिहितात. एक दिवस आवाज गेला. ज्या दुकानात दुरुस्तीला दिलं, तिथे त्यांना नवीन मशीन घ्यायला सांगितलं. काकांनी मला बोलावलं.

“अरे, मशीन चालू आहे,” ते म्हणाले. “सुरू होताना टुक वाजतं. पुढे काही बोलत नाही.”

१९८१चा तो सव्वादोन इंची स्पीकर आता वाटाण्याएवढा बझर झाला होता, पण काम तेच करत होता. काकांसाठी तो एकमेव पुरावा होता.

बाहेरून आत जायचं, हा साधा नियम. स्पीकर माझ्या मोबाइलला जोडले, वाजले. वायर पोपटी भोकातच होती. ड्रायव्हर जागेवर होता आणि आवाज कुठेही ‘म्यूट’ नव्हता. गाणं लावलं की प्लेअरमधल्या पट्ट्या नाचत होत्या, म्हणजे विंडोजच्या मते सगळं सुरळीत. मग मी विचारलं, “काका, हल्ली काय बदललं?” पॉवरचं बटण तुटलं होतं, म्हणून पुढची पट्टी बदलून आणली होती.

खोकं उघडल्यावर उत्तर दिसलं. ‘एसी ९७’मध्ये पुढच्या भोकात हेडफोन घातला की मागचे स्पीकर बंद व्हावेत, अशी सोय होती. ती सॉफ्टवेअरनं नव्हे, तारेनं केलेली. आवाज बोर्डावरून पुढच्या भोकाकडे जाई आणि तिथे हेडफोन नसेल तर परत फिरून मागे येई. पुढची वायरच काढली तर वाट अर्ध्यातच तुटते. त्यासाठी बोर्डावर दोन जंपर लागतात, पाचवी-सहावी आणि नववी-दहावी पिन जोडणारे. पट्टी बदलताना वायर काढली गेली होती आणि जंपर कोणी लावले नव्हते. २००४मध्ये आलेल्या ‘एचडी ऑडिओ’त ही अडचण राहिली नाही, तिथे भोकात काय घातलंय ते चिपच ओळखते. काकांचं मशीन त्याआधीच्या पिढीचं.

बंद पडलेल्या एका जुन्या हार्ड डिस्कवरून दोन जंपर काढून लावले. मशीन बोलायला लागलं. काकांनी पहिल्यांदा वेळ विचारली. मग अडलेली फाइल उघडून ते कामाला लागले, आणि मी खोक्याचे स्क्रू घट्ट करत बसलो.

या सगळ्या इतिहासात आवाज हा वरकड मामला मानला गेला: खेळासाठी, गाण्यासाठी, नसला तरी काम अडत नाही असा. पण याच काळात दुसरा एक इतिहास घडत होता. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी डॉसवरचा मजकूर वाचणारा प्रोग्रॅम बनवला. त्याचं नाव ‘स्क्रीन रीडर’. ते पुढे त्या जातीच्या सगळ्या प्रोग्रॅमचं नाव झालं. पण पीसीच्या टुक-टुक स्पीकरवर तो बोलणार कसा? अंध वापरकर्त्यांना बोलणारं वेगळं यंत्र जोडावं लागे. साउंड कार्ड घरोघरी पोचलं तेव्हा हे यंत्र लागेनासं झालं. खेळणाऱ्या पोरांच्या हट्टामुळे स्वस्त झालेली वस्तू अंधांची स्क्रीन बनली. २००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी एनव्हीडीए लिहायला घेतलं आणि ते फुकट वाटलं. ते स्वतः अंध आहेत. एनव्हीडीएबरोबर येणारा ईस्पीक हा आवाज आज मराठीही वाचतो. खरखरीत, पण वाचतो.

म्हणून ‘आवाज येत नाही’ या तक्रारीचा अर्थ माणसागणिक बदलतो. माझा आवाज गेला तर माझं गाणं अडतं. काकांचा गेला तर त्यांच्यापुरता कम्प्युटरच बंद होतो, आणि दुरुस्त करायला लागणारी प्रत्येक खूण डोळ्यांसाठी केलेली असते: भोकांचे रंग, ‘म्यूट’वरची फुली, बोर्डावर छापलेले पिनांचे नंबर. मदरबोर्डवरचा आवाज चालू-बंद करायचा पर्याय बायोसच्या पडद्यावर असतो. तिथे विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे स्क्रीन रीडरही नसतो. नव्या मशीनवरही बहुतेक ठिकाणी हा पडदा मुकाच आहे. तिथे पोचलेल्या अंध माणसाला शेजारी कोणीतरी डोळस बसवून घ्यावा लागतो.