पोरांचं ऊन

आमच्या आष्टी तालुक्यात ऊन ही काही बातमी नाही. होळी पेटली की थंडी संपते, पाडव्याला ऊन चटकायला लागतं आणि वैशाखात दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मोठ्या माणसाला ऊन लागलं तर तो तोंडानं सांगतो. तान्ह्या पोराला सांगता येत नाही. ते किरकिर करतं, दूध ओढत नाही, शेवटी मान टाकतं. म्हणून आमच्याकडच्या बायांनी पोरांच्या उन्हाचं एक वेगळंच शास्त्र केलं होतं. त्यातलं मी डोळ्यांनी पाहिलं तेवढं इथं मांडतो. आणि 1972 च्या दुष्काळानं त्या शास्त्राची कशी परीक्षा घेतली, तेही सांगतो.

बऱ्या साली हे सगळं सोपं असायचं. आधी ऊन अडवायचं. पोराच्या डोक्यावर एरंडाचं हिरवं पान ठेवायचं आणि वरून टोपी नाहीतर फडकं बांधायचं. पायात वहाण नसली तर पळसाची पानं दोरीनं पायाला बांधायची. तापल्या फुफाट्यातून तेवढ्यावर विहिरीपर्यंत जाता यायचं. खिशात कांदा असायचाच. विदर्भाकडं पळसाच्या फुलांचं पाणी करून त्यानं होळीच्या सुमाराला पोरांना आंघोळ घालतात, म्हणजे उन्हाळा बाधत नाही म्हणतात. आमच्याकडं ती रीत नव्हती, पण कडुलिंबाचा पाला टाकलेलं पाणी घामोळ्यांवर घरोघरी चालायचं.

मग पोटातून द्यायचं. चुलीच्या आरात कैरी भाजायची, गर काढायचा, गूळ आणि मीठ घालून पन्हं करायचं. कैरी नसली तर चिंचेचा कोळ. तोही नसला तर पातळ ताक, मिठाचा खडा टाकून. उन्हातनं आलेल्या पाहुण्याला आधी गूळ-पाणी द्यायची आपली चाल त्यातलीच. अंगावर पिणाऱ्या पोराला मात्र यातलं काही नाही, त्याला आईनं घडीघडीला पाजायचं.

आणि भाजलंच तर वरून लावायचं. आपली कातडी काळी-सावळी, म्हणून ती उन्हानं भाजत नाही असं शहरातली माणसं समजतात. गुरांमागं दिवसभर उघड्या अंगानं हिंडलेल्या पोराच्या मानेला संध्याकाळी हात लावून बघावा. मान तांबूस-काळी पडते, सदरा टेकला तरी पोरगं ओरडतं आणि आठ दिवसांनी सालपटं निघतात. त्यावर बांधावरच्या कोरफडीचा गर, काकडीचा कीस, नाहीतर वारुळाची माती भिजवून लेप. तळपायाची आग व्हायला लागली की आजी काशाच्या वाटीला तूप लावून तळवे घासायची. वाटी काळी पडली की म्हणायची, "बघ, निघाली का न्हाई उष्णता?" काळं व्हायचं ते तूप आणि काशाच्या घासण्यानं, हे मला पुढं कळलं. पण पोरगं झोपायचं, हेही खरं.

सत्तर-एकाहत्तरचे पावसाळे मोडके गेले आणि 1972 ला पावसानं पाठच फिरवली. मी तेव्हा अकरा वर्षांचा. जनावरं विकली, ताक संपलं. आंब्याला मोहर धरला नाही, म्हणजे पन्हंही संपलं. बांधावरची कोरफड सुकून दोरीसारखी झाली. विहिरींना तळ दिसला. ज्या औषधांवर बाया विसंबून होत्या, ती ऊन सगळ्यात कडक असतानाच हातची गेली.

गाव दुष्काळी कामावर गेलं. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्याची खडी. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. मिलो आणि सुकडीची आठवण अजून पुष्कळजण काढतात. पोरांची आठवण कमी निघते. घरी सांभाळायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून बाया तान्ही पोरं घेऊनच कामावर यायच्या. तीन काठ्यांचं तिकाटणं करायचं, त्याला लुगड्याची झोळी बांधायची आणि जवळ आठ-नऊ वर्षांची पोरगी राखणीला बसवायची. आमच्या वर्गातल्या कितीतरी पोरींची शाळा त्या झोळ्यांपाशीच सुटली.

पाझर तलावाच्या कामावर एकच बाभूळ होती. बाभळीची सावली ती केवढी, आणि झोळ्या वीस-पंचवीस. सावली सरकायची तशी झोळी सरकवावी लागायची. एके दिवशी राखणीची पोर पाणी आणायला टिपाडाकडं गेली. तिथं रांग होती. ती येईपर्यंत शेजारच्या घरातल्या दहा महिन्यांच्या पोराच्या झोळीवरून सावली निघून गेली होती. त्याची आई मुरमाची पाटी घेऊन भरावावर होती. मजुरी मापावर, पाटी टाकून मधेच यायची सोय नव्हती. तिनं येऊन बघितलं तेव्हा पोराचा एक गाल, कान आणि दंड भाजून निघाला होता. अंग तव्यासारखं तापलं होतं.

कुणी हळद आण म्हणालं, कुणी तूप. माझी आजी तिथं खडी फोडत होती. ती उठून आली आणि म्हणाली, "लेकी, तूप नगं घालूस. तापल्या तव्यावर तूप घातल्यावर काय व्हतं?" तिनं आपल्या लुगड्याचा पदर फाडला, आमच्या वाट्याच्या पाण्यात भिजवला आणि पोराच्या अंगावर पसरला. तो तापला की पुन्हा भिजवायची. पोरगं जरा सावध झाल्यावर आईला म्हणाली, "आता पाज, आन् सोडू नगंस." आमची कळशी रिकामी झाली. त्या दिवशी दुपारनंतर आम्ही पाण्यावाचून काम केलं. पण पोरगं राहिलं. गालाची सालपटं महिनाभर निघत होती.

त्याच उन्हाळ्यात आमच्या कामावरचं दुसरं एक मूल मात्र गेलं. त्याच्यापाशी पाणी वेळेत पोचलं नाही. हजेरीपटात पोरांची नावं नसायची, त्यामुळं ते कुठं मांडलंही गेलं नाही. त्या तलावावर किती ब्रास मुरूम पडला हे कागदावर सापडेल, ते मूल सापडणार नाही.

आज मागं वळून बघताना आजीच्या शास्त्रातलं खरं-खोटं निवडता येतं. आज दवाखान्यातही सांगतात की भाजलेल्या कातडीला साधं गार पाणी आणि ओला कपडा हेच पहिलं औषध. तूप, तेल, दंतमंजन नको, बर्फही नको. फोड आले, ताप चढला, लघवी बंद झाली किंवा पोर गुंगीत गेलं तर घरी थांबायचं नाही, आणि शुद्ध नसलेल्या पोराच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. खिशातल्या कांद्यानं ऊन अडत नाही. मीठ-गुळाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून पटकीचे हजारो रोगी वाचवले. तिथं माप नेमकं होतं, आमच्याकडं चिमटीचा अंदाज. पण अंगातलं गेलेलं पाणी मिठा-गोडासकट परत द्यायचं, ही समज आमच्या बायांपाशी होती.

दुष्काळातनं रोजगार हमीचा कायदा आला. 1977 ला तो झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. पुढं देशाचा 2005 चा कायदा आला. त्यात लिहिलं होतं की कामावर पिण्याचं पाणी आणि पोरांना सावली पाहिजे, आणि सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त पोरं असली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं, मजुरी देऊन. हे वाचलं तेव्हा मला ती बाभूळ डोळ्यांपुढं आली. सावलीही औषध आहे, हे सरकारच्या कागदावर यायला एवढी वर्षं लागली.

कागदावर आलं म्हणजे रानात आलं असं नाही. आमच्या जिल्ह्यातनं दर दिवाळीला हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. फड मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तोडलेल्या उसाच्या रानात झाड नसतं. पोरं बैलगाडीच्या सावलीत निजतात, आणि गाडी भरून निघाली की सावलीही तिच्याबरोबर जाते. पन्हं, कोरफड, वाळ्याचं पाणी यावर हल्ली पुष्कळ लिहून येतं, ते चांगलंच आहे. ज्याच्या घरी छप्पर, माठ आणि कैरी आहे त्याला ते उपयोगी पडतं. पण उन्हानं पोळलेल्या पोराला पहिल्यांदा लागते ती सावली, मग पाणी, मग आईचा मोकळा हात. कैरी आणि कोरफड त्याच्या नंतर. आमच्या बायांना हा क्रम पाठ होता. पहिल्या तीन गोष्टी त्यांच्या हातात नव्हत्या, म्हणून त्या बाकीच्यांवर भागवत होत्या.